आपापल्या चालीनं

गावात बाईनं नुसतं चालायचं नसतं, कुठंतरी जायचं असतं. डोक्यावर पाटी असली तर ती शेताला निघाली, हातात पिशवी असली तर बाजाराला, कडेवर लेकरू असलं तर दवाखान्याला. सकाळच्या पारी रिकाम्या हातानं एकटीच सडकेला लागलेली बाई दिसली की पहिल्याच ओट्यावरून हाक येते, "काहून बाई, कुठं निघाल्या एवढ्या सकाळी?" या प्रश्नात संशय नसतो, काळजीच असते. पण "कुठं नाही, चालायला निघाले" हे उत्तर कुणाला पुरत नाही. जिथल्या बायका उजाडल्यापासून निजेपर्यंत पायावरच असतात, तिथं आणखी वर चालायला कशाला जायचं?

राजूरच्या बाईजवळ मात्र एक उत्तर कायम तयार असतं. "गणपतीला." एवढं म्हटलं की ओट्यावरचे हात जोडले जातात आणि वाट मोकळी होते. माझं इतक्या वर्षांचं चालणं या एका उत्तराच्या आधारानं झालं आहे. मी श्रद्धेनंच जाते. पण माझ्या पायांना देवळाइतकीच देवळाच्या वाटेची गरज आहे, हे सांगताना मला संकोच वाटत नाही.

जालन्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर, भोकरदनच्या रस्त्याला हे आमचं राजूर. गणपतीच्या साडेतीन पीठांत मोरगाव, चिंचवड आणि पद्मालयाबरोबर याचं नाव घेतात. देऊळ उंचावर आहे. पायऱ्या चढून वर गेलं की खाली घरांचे पत्रे, त्यापलीकडं कपाशीची आणि मक्याची रानं दिसतात. दिवाळीच्या आसपास त्या रानांत पांढरे ठिपके असतात आणि त्या ठिपक्यांत वाकलेल्या बायका. उन्हाळ्यात नुसती काळी, भेगाळलेली जमीन. मी दोन्ही पाहत आले. कधी सरळ चढून, कधी प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, कधी खालूनच हात जोडून.

२००६ साली मराठवाड्यात चिकुनगुनियाची साथ आली होती, ती आमच्या पिढीला विसरता येणार नाही. धडधाकट गडीमाणसं भिंतीला धरून उठायची. त्या साथीनंतरच्या थंडीत माझी बोटं आखडायला लागली, तेव्हा सगळ्या गावानं एकच निदान केलं, "चिकुनगुनिया अंगात ऱ्हायलाय, निघंल हळूहळू." तसं वाटणं साहजिक होतं, त्या तापानंतरही सांधे महिनोन्‌महिने धरलेले राहतात. माझं दुखणं मात्र निघालं नाही, पसरत गेलं. आधी दोन्ही हातांची पेरं, मग मनगटं, मग पायाच्या बोटांचे बुंध्यातले सांधे. जे डाव्या हाताला तेच उजव्याला. सकाळी मूठ मिटायची नाही. शाळेत पहिल्या तासाला खडू धरता यायचा नाही, म्हणून मी तोंडी पाढे घ्यायची. दुपारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत हात जरा माझे व्हायचे.

पायाची बोटं सुजली तशी जोडवी रुतायला लागली. एक दिवस ती साबण लावून, कळ सोसून काढावी लागली. नवरा धडधाकट समोर उभा असताना सुनेच्या पायातली जोडवी निघालेली पाहून आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, डोळ्यांत पाणी आलं. त्या काही बोलल्या नाहीत. जोडवी हळदीकुंकू लावून तांबड्या कपड्यात गुंडाळली आणि देव्हाऱ्याच्या खणात ठेवली. पुढच्या संक्रांतीला कासारीण आली. तिनं माझा हात हातात घेतला, मनगट जरा दाबून पाहिलं, आणि काही न विचारता दरवर्षीपेक्षा मोठ्या मापाची बांगडी काढली. माझ्या आजाराचं पहिलं खरं मोजमाप तिनं केलं, असं मी मानते. कारण मधल्या काळात कुणीतरी आणून दिलेल्या पुड्यांनी बाकीच्यांची खात्री पटवली होती की मी बरी होत चालले आहे. पुडी घेतली की दुखणं पळायचं, भूक लागायची, चेहरा गोल व्हायचा. पुड्या संपल्या की दुखणं दुपटीनं परत. असल्या पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड कुटून घातलेलं असतं. ते आज आराम देतं आणि मागून हाडं पोखरतं. आमच्या भागात अजूनही अशा पुड्या मिळतात, म्हणून हे लिहिते आहे.

मग कधीतरी संभाजीनगरला, तेव्हाच्या औरंगाबादला, संधिवाताच्या डॉक्टरांकडं गेलो. रक्त तपासलं, हातापायांचे एक्स-रे काढले, आणि आजाराचं नाव कळलं: रुमेटॉइड आर्थ्रायटिस. आपल्याकडं याला आमवात म्हणतात. माधवनिदान या जुन्या आयुर्वेदग्रंथात आमवाताचं जे वर्णन आहे ते याच्याशी पुष्कळसं जुळतं. म्हणजे हा आजार नवा नाही, शहरातला नाही, रासायनिक खतांनी काल आणलेला नाही.

डॉक्टरांनी कागदावर सांध्याचं चित्र काढलं. शरीरात बाहेरच्या जंतूंना ओळखून मारणारी एक यंत्रणा असते. या आजारात तीच यंत्रणा सांध्याच्या आतल्या नाजूक अस्तराला परकं समजते आणि त्याच्यावर चाल करून जाते. अस्तर सुजतं, जाड होतं, शेजारच्या कूर्चेला आणि हाडाला खायला लागतं. ते हे सांगत होते आणि मला आमच्या गावाचा राजा आठवत होता. गणेशपुराणात वरेण्य राजाची कथा आहे. त्याचं राजसदन म्हणजेच आजचं राजूर, असं इथं मानतात. राणीजवळ हत्तीच्या तोंडाचं बाळ पाहून राजा भ्याला. हे माझं नव्हेच, म्हणाला, आणि त्यानं ते रानात टाकायला लावलं. पराशर ऋषींनी ते वाढवलं. पुढं त्याच गजाननानं सिंदूरासुराला मारलं आणि ज्या बापानं टाकलं होतं त्यालाच समोर बसवून गणेशगीता सांगितली. आपल्याच रक्तामांसाला परकं म्हणणारा राजा मी लहानपणापासून कीर्तनात ऐकत आले होते. तो माझ्या अंगात येऊन बसेल, हे ठाऊक नव्हतं.

वरेण्याला शेवटी ओळख पटली. माझ्या रक्ताला ती पटेल असं कुठलाही प्रामाणिक डॉक्टर सांगत नाही. औषधानं त्याचा राग आवरता येतो, पुष्कळांचा तर पुरता शांत ठेवता येतो. एवढंच, पण एवढं थोडं नाही. आणि त्या कथेतून मला एक बळ मिळालं. विचित्र अंगाचा म्हणून टाकलेला देव ज्या गावाच्या डोक्यावर बसला आहे, त्या गावात वाकड्या बोटांनी राहायला लाजायचं काय कारण?

औषधाचं नाव मेथोट्रेक्सेट. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते, म्हणून आमच्या घरी तिला वारच बांधून दिला आहे: रविवारची गोळी. सोमवारी तोंडाला चव नसते, चहा नकोसा होतो. मंगळवारी बरं असतं. दर काही महिन्यांनी रक्त आणि यकृत तपासायला जालन्याला जायचं. हे औषध अमेरिकेतल्या ज्या प्रयोगशाळेत घडलं तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. ते १९४८ साली गेले. मुळात कर्करोगासाठी घडवलेलं हे औषध थोड्या मात्रेत आमवातालाही लागू पडतं, यावर अमेरिकेच्या सरकारी मान्यतेचा शिक्का बसायला १९८८ साल उजाडलं. एका तेलुगू माणसाच्या कष्टाची गोळी मराठवाड्यातल्या बाईचा हात सरळ ठेवते. आपल्या शाळांच्या पुस्तकांत हे नाव मोठ्या अक्षरांत असायला हवं. दुसरी गोळी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. २०२० च्या करोनात सगळं जग तिच्यामागं लागलं आणि ज्यांना ती रोजची होती त्यांनाच दुकानातून परत यावं लागलं. ते आठवडे मी अर्धी गोळी हातात धरून काढले आहेत.

औषधानं आग विझत आणली. चालायचं मात्र मलाच होतं, आणि इथं खरी अडचण सुरू झाली.

घरातल्या सगळ्या प्रेमाला तेव्हा एकच शब्द सुचत होता: बस. पाणी मी आणते, तू बस. भाकरी मी टाकते, तू बस. शाळेला रजा टाक, बस. पोरं मोठी होती, ती माझ्या हातातली बादली ओढून घ्यायची. आत्याबाईंनी तर अंगणातल्या खाटेवर गोधडी घालून माझी जागाच करून दिली. या प्रेमाला मी कधीच नावं ठेवणार नाही. पण त्या खाटेवर मी आजारापेक्षा वेगानं खचत होते. मांड्या सैल पडल्या, खाटेवरून उठताना हात टेकावे लागले, आणि ज्या हातांवर भार टाकायचा तेच तर दुखत होते. दुखतं म्हणून बसायचं, बसलं म्हणून अंग आखडायचं, आखडलं म्हणून आणखी दुखायचं. या चक्रातून गोळी एकटी बाहेर काढत नाही.

हे प्रेम अडाणीही नव्हतं. गेल्या शतकात बराच काळ जगातल्या मोठमोठ्या रुग्णालयांतही या आजाराला हाच इलाज होता. रोग्याला आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवायचं, सांध्यांना पट्ट्या बांधून स्थिर करायचं. सुजलेला सांधा हलवला तर झिजेल, ही भीती सगळ्यांचीच होती. ती भीती हळूहळू तपासली गेली. नेदरलँड्समध्ये आमवाताच्या तीनशेवर रोग्यांवर दोन वर्षं एक प्रयोग झाला आणि २००३ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. निम्म्यांनी आठवड्यातून दोनदा, दर वेळी सव्वा तास, चांगला घाम येईल असा व्यायाम केला: सायकल, ताकदीचे प्रकार, खेळ. बाकीच्यांचा नेहमीचा उपचार चालू राहिला. व्यायाम करणाऱ्यांची रोजची कामं करण्याची शक्ती वाढली, मन हलकं झालं, आणि आजार भडकला नाही. ज्यांचे गुडघे-खांदे आधीच फार बिघडले होते त्यांना जपून राहायला हवं, एवढा इशारा त्यात होता. पुढं २०१८ साली युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं स्पष्टच सांगितलं की निरोगी माणसाला जेवढी हालचाल हवी असं आपण म्हणतो, तेवढीच या रोग्यांनाही हवी, फक्त ज्याच्या त्याच्या अंगाकडं बघून.

कारणं समजली की भीती पळते, निदान माझी पळाली. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांधा हलतो, दाबला जातो, सुटतो, तेव्हाच आतलं पाणी तिच्यात शिरतं आणि तिला जेवण मिळतं. न हललेला सांधा उपाशी राहतो. गुडघ्याचा भार मांडीचा स्नायू उचलतो, तो वाळला की सगळं ओझं सांध्यावर. हा आजार स्नायू आतून खातो, स्टेरॉइड हाडं विरळ करतं, आणि या रोग्यांना हृदयविकाराचा धोकाही इतरांपेक्षा जास्त असतो. चालणं या सगळ्यांना उत्तर देतं.

पण मग माझ्या शेजारच्या मावशीचं काय? हा प्रश्न मला फार दिवस छळत होता. मावशीलाही आमवातच. ती कधी बसली नाही. रोजानं कपाशी वेचायला जाते, खुरपायला जाते, घरी येऊन धुणं पिळते, हंडे वाहते. हालचालच औषध असतं तर गावात सगळ्यांत निरोगी तीच असायला हवी होती. तिचे हात पाहिले की माझ्या पोटात कालवतं. बोटं करंगळीच्या बाजूला झुकली आहेत, मनगट उंचावलं आहे. कपाशी वेचताना बोंडाच्या टोकदार सालांतून तीच तीच चिमूट दिवसभर घ्यावी लागते. सूज असो नसो, ऊन असो नसो. थांबायचं कधी हे मावशी ठरवत नाही, वजनकाटा ठरवतो. एकदा तिनं मला सरळ विचारलं, "बाई, तुमाला डाक्टर चाला म्हंतो, मला म्हंतो काम सोडा. आजार तर एकच हाय ना?"

तिला उत्तर द्यायला मला वेळ लागला. राबणं म्हणजे व्यायाम नव्हे. राबताना अंग दुसऱ्याच्या मर्जीनं हलतं, एकच सांधा हजार वेळा आणि बाकीचे एकदाही नाही. व्यायामात अंग आपल्या मर्जीनं हलतं, आणि नको म्हणालं की थांबता येतं. आमच्याकडं आमवात झालेल्या बाईपुढं दोनच वाटा असतात: घर बरं असेल तर खाट, घर गरीब असेल तर मरणाचं काम. दोन्हींत तिच्या सांध्यांना जे हवं ते मिळत नाही. या दोन वाटांच्या मधे एक पायवाट आहे, आणि ती पाडायला गावातल्या बाईला फार कमी मदत मिळते. हंडा बोटांवर न धरता कमरेवर किंवा कोपराच्या वाकात घ्यावा, ओलं लुगडं पिळण्याऐवजी नळाला गुंडाळून दोन्ही तळव्यांनी दाबावं, विळ्याच्या मुठीला चिंध्या गुंडाळून ती जाड करावी, सूज असलेल्या दिवशी वेचणीऐवजी दुसरं काम मागावं, हे मावशीला कुणीच सांगितलं नव्हतं. मी सांगितलं तेवढं तिनं केलं. विळ्याची मूठ तर तिनं इतकी सुबक बांधली की आता शेजारच्या दोघी-तिघी तशीच बांधून घेतात. काम मागायचं तेवढं जमत नाही. त्याला मुकादम लागतो समजणारा.

मावशी एकटी नाही. १९९६ साली पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यातल्या भिगवणमध्ये घरोघर जाऊन विचारलं, कुणाचं काय दुखतं. चार हजारांवर प्रौढ माणसं त्यांनी गाठली. शंभरांत अठराजणांचं हाडासांध्यांचं, स्नायूंचं काही ना काही दुखणं निघालं, आणि खरा आमवात दोनशेंत एकाला. भिगवण राजूरपासून दूर असलं तरी तेही आपल्यासारखंच शेताभातातलं गाव. त्या हिशेबानं पाहिलं तर आपल्या प्रत्येक गावात, प्रत्येक वाडीत अशी माणसं आहेत, आणि त्यांत बायका पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट. बहुतेकींना आजाराचं नाव ठाऊक नाही. त्यांना कुणी आळशी म्हणतं, कुणी अंगात आलंय म्हणतं, कुणी वय झालं म्हणतं, आणि वय असतं पस्तीस.

माझी पायवाट कशी पडली ते सांगते. सकाळी उठून लगेच चालता येत नाही. आधी गरम पाण्याच्या तपेल्यात दोन्ही हात. पाण्याखाली मूठ मिटायची, उघडायची, एकेक बोट अंगठ्याला टेकवायचं. थंडीत हे पाणी माझ्यासाठी देवपूजेइतकं महत्त्वाचं असतं. मग खाटेच्या कडेवर बसून पाऊल गोल फिरवायचं, गुडघा सरळ करून धरायचा. मग हात न टेकता उभं राहायचं, परत बसायचं, परत उठायचं. वरून सोपं दिसणाऱ्या या उठाबशीनंच माझ्या मांड्या मला परत दिल्या. एवढं होईस्तोवर सूर्य वर आलेला असतो आणि पाय वाटेला लागण्याजोगे झालेले असतात.

डॉक्टरांनी एक कसोटी दिली होती, ती मी आजही पाळते. चालल्यानंतर दुखलं तर घाबरायचं नाही. पण ते वाढलेलं दुखणं दोन तासांनंतरही तसंच असेल, तर पुढच्या वेळी कमी चालायचं. बंद करायचं नाही, कमी करायचं. मला या आजाराच्या सगळ्या शास्त्रात हा नियम सगळ्यांत जास्त आवडतो, कारण त्यात माझ्या अंगाचं म्हणणं ऐकलं जातं. सांधा लाल, गरम, सुजलेला असेल त्या दिवशी पायऱ्या नाहीत, वजन नाही. त्या दिवशी सांधा नुसता हळू वाकवायचा आणि सरळ करायचा, खाटेवर पडून का होईना, म्हणजे तो आखडून बसत नाही. असे दिवस येतात. पावसाळ्याच्या तोंडाशी येतात, घरात कुणाचं मरण-लग्न झालं की येतात, काही कारण नसतानाही येतात. त्या दिवसांत मी देवळाकडं खिडकीतून बघते. ते गेले की पुन्हा खालच्या पायरीपासून सुरुवात. गेलेली ताकद परत मिळवायला जायच्या वेळेपेक्षा जास्त वेळ लागतो, हे मात्र खरं आहे, आणि दर वेळी ते मनाला लागतं.

पायऱ्यांनी मला पुष्कळ शिकवलं. चढण्यापेक्षा उतरणं गुडघ्याला अवघड असतं, कारण उतरताना अंगाचा सगळा भार वाकलेल्या गुडघ्यावर येतो. चढताना बरा पाय आधी टाकायचा, उतरताना दुखरा. कठडा बोटांनी आवळायचा नाही, त्यावर कोपरापासून पुढचा हात टेकवायचा. वर पोचल्यावर लगेच दर्शनाच्या रांगेत न घुसता जरा टेकायचं. तिथं बसलेल्या म्हाताऱ्या आता मला जागा धरून ठेवतात. त्यांतली एक जण माझ्याकडं पाहून स्वतःही मूठ मिटून उघडून बघते. मी शिकवलं नाही, तिनं बघून उचललं. शाळेतही तसंच झालं. प्रार्थनेनंतर मी वर्गात बोटांचे प्रकार करते आणि पोरं माझ्याबरोबर करतात. त्यांना तो खेळ वाटतो. त्यांतल्या दोघी मुली घरी जाऊन आजीकडून तेच करून घेतात, असं पालकसभेत कळलं.

एसटीची पायरी मात्र अजून माझ्याहून उंच आहे. ती चढताना दांडा घट्ट धरावा लागतो आणि मनगटातून कळ डोक्यात जाते. सरकारी कार्यालयांतल्या जिन्यांना पुष्कळदा कठडेच नसतात. बहुतेक घरांत, शाळांत उकिडवं बसायचा संडास असतो आणि गुडघा धरला की बाई दिवसभर पाणी पिणं टाळते. आजारी माणसानं हिंडतं-फिरतं राहावं असं म्हणणाऱ्यांनी या तीन गोष्टींकडं बघावं. माझी इच्छाशक्ती एसटीची पायरी खाली आणू शकत नाही, एक वाढीव फळी आणू शकते.

अंगारकीला राजूर निराळंच असतं. आदल्या रात्रीपासून जालन्याकडून, भोकरदनकडून माणसांची रांग सडकेनं येत असते. तरणी पोरं अनवाणी, बायका घोळक्यानं गाणी म्हणत, कुणी लेकराला खांद्यावर घेऊन. वाटेत ठिकठिकाणी चहा, केळी, साबुदाण्याची खिचडी वाटणारे उभे. लग्न होऊन आले तेव्हा मीही जालन्याहून पायी आलेली आहे. आजार झाल्यावर मला वाटलं, हे आता संपलं. पहिल्या काही अंगारक्यांना मी दार लावून घरात बसले, कारण पायांचा तो आवाज मला ऐकवत नव्हता.

नंतर एका अंगारकीला आमचे हेच म्हणाले, "सगळं नाही तर शेवटचं चाल. मी गाडीवर फाट्यापर्यंत सोडतो." पहाटे आम्ही गेलो. मी सडकेच्या कडेला उतरले आणि त्या रांगेत शिरले. रात्रभर चालून आलेल्या माणसांची चाल तोवर मंदावलेली असते. कुणी लंगडत असतं, कुणाच्या पायाला फोड असतात, कुणी मैत्रिणीच्या खांद्यावर हात टाकून चालत असतं. त्या घोळक्यात माझी चाल कुणाला निराळी दिसली नाही. एका अनोळखी बाईनं विचारलं, "कुठून आल्या, माय?" मी म्हटलं, "इथलीच आहे, फाट्यापासून चालतेय." ती म्हणाली, "पोचल्या म्हंजे झालं." आणि माझा हात धरून ती पायऱ्यांपर्यंत आली. नवस बोलताना अंतर कोण मोजतं, मला माहीत नाही. मी तेव्हापासून अंगारकीला तेवढंच चालते. फाट्यापासून चालणारीही पायी आलेलीच असते, असं माझं ठाम मत आहे, आणि कुणी पुजाऱ्यानं आजवर ते खोडलेलं नाही.

जोडवी अजून देव्हाऱ्याच्या खणात आहेत. आत्याबाई गेल्या, त्यांच्यामागं मी ती बाहेर काढली नाहीत. हाताचा आकार थोडा बदलला तो बदललाच, उजवी तर्जनी पुरती सरळ होत नाही. खडू मात्र धरता येतो. भाकरी थापता येते, हाताच्या तळव्यानं, जरा जाड. वर्गात उभं राहून पूर्ण तास घेता येतो. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली आहेत आणि ती मी खुर्चीवरून काढणार नाही.

हे वाचणाऱ्यांच्या घरात, शेजारात अशी एखादी बाई असेल. सकाळी उठल्यावर तिची बोटं तासाभराहून जास्त वेळ आखडलेली राहत असतील, दोन्ही हातांचे लहान सांधे सुजत असतील आणि हे सहा आठवडे चाललं असेल, तर तिला पुड्या आणून देऊ नका. तिला संधिवाताच्या डॉक्टरांकडं न्या, आणि लवकर न्या, कारण सांध्यांची मोडतोड पहिल्या एक-दोन वर्षांतच जास्त होते आणि झालेली मोडतोड परत सांधत नाही. औषध सुरू झालं की ते मधेच बंद पडू देऊ नका. आणि दवाखान्यातून आणल्यावर तिच्यासाठी अंगणात खाट टाकून मोकळे होऊ नका. संध्याकाळी ऊन उतरल्यावर तिच्याबरोबर गावाच्या वेशीपर्यंत चालत जा, ती चालेल त्या चालीनं, आणि ओट्यावरून कुणी विचारलं कुठं निघालात, तर सांगा, चालायला.